एकशे अकरा

गेल्या दिवाळी अंकात हे सदर का नव्हते, अशी विचारणा करणारी काही पत्रे आल्याचे संपादकांनी कळवले. वाचकांचे आभार. कारण एवढेच की, गेल्या वर्षी एप्रिलअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत मी विलायतेत लेकीच्या घरी होते, आणि तिथे मला लिहायला सवड नव्हती. मी एका उमेदवाराची खाजगी चिटणीस, गणिताची मास्तरीण, डबे भरणारी आणि दोन पक्षांमधली वकील अशी चार कामे करत होते. उमेदवाराचे वय दहा. नाव कशाला सांगू? घरात सगळे त्याला नातोबाच म्हणतात.

लेक राहते ते गाव स्लाउ. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाला इतके लागून की, स्वयंपाकघराच्या खिडकीतून विमानाच्या पोटावरची अक्षरे वाचता यावीत. गावाला रूप असे नाही. पण आपल्याकडे पाहुण्याला, बाळंतिणीला आणि परीक्षेच्या पोराला जे हॉर्लिक्स देतात, त्याचा विलायतेतला कारखाना १९०८ साली याच गावात उभा राहिला. त्याची लाल विटांची इमारत अजून आहे, आता तिथे माणसे राहतात. याच गावात विल्यम हर्शेल या ज्योतिष्याने आपली चाळीस फुटी दुर्बीण उभारली होती. युरेनस शोधला तो यानेच, १७८१ साली, पण त्या वेळी तो बाथला होता. स्लाउला तो १७८६ साली आला आणि १८२२ साली इथेच वारला. त्याच्या नावाची एक शाळा गावात आहे. ती ग्रामर स्कूल आहे. गावात अशा चार आहेत, त्यांतली एक कॅथलिक पंथाची. आमच्या घरात त्या चार शाळांचा जप सकाळ-संध्याकाळ चाले.

ग्रामर स्कूल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तर्खडकरांची भाषांतर पाठमाला उभी राहिली. वाटले, पोरांना दिवसभर कर्ता-कर्म-क्रियापद शिकवत असतील. तसे काही नाही. शेकडो वर्षांपूर्वी या शाळांत लॅटिनचे व्याकरण शिकवीत, म्हणून ते नाव चिकटले. आजचा अर्थ एवढाच, की सरकारी खर्चाने चालणारी, फी न घेणारी, पण परीक्षा घेऊन मुले निवडणारी शाळा.

थोडा इतिहास सांगते, कारण त्याशिवाय जावईबापूंचा जीव का टांगला होता ते कळायचे नाही. १९४४ साली बटलर नावाच्या शिक्षणमंत्र्यांनी कायदा केला आणि माध्यमिक शिक्षण सगळ्यांना फुकट झाले. उत्तम झाले. पण त्यापाठोपाठ पोरांची वर्गवारी झाली. अकराव्या वर्षाच्या सुमारास एक परीक्षा; तीत जी वर येतील ती ग्रामर स्कूलला, बाकीची बहुतेक सगळी ‘सेकंडरी मॉडर्न’ला. तांत्रिक शाळा असा तिसरा प्रकार कागदावर होता, प्रत्यक्षात थोड्याच निघाल्या. बुद्धी जन्मजात असते आणि ती लहानपणीच मोजता येते, असे सर सिरिल बर्ट या मानसशास्त्रज्ञाचे म्हणणे होते, आणि त्याचे वजन मोठे होते. १९७१ साली बर्ट गेले. पुढच्या पाच वर्षांतच त्यांनी जुळ्या भावंडांविषयी दिलेले आकडे पारखून पाहणाऱ्यांना ते विश्वास ठेवण्याजोगे वाटेनासे झाले. मोजपट्टी अशी, आणि तिच्यावर देशभरच्या पोरांची आयुष्ये मापलेली!

१९६५ साली मजूर सरकारने एक परिपत्रक काढून ही विभागणी थांबवा, सर्वांना एकच शाळा द्या, असे स्थानिक अधिकाऱ्यांना सांगितले. साठीच्या दशकात तेराशेच्या आसपास असलेल्या ग्रामर शाळा भराभर मिटत गेल्या. गंमत म्हणजे, स्वतः ग्रामर स्कूलमध्ये शिकलेल्या मार्गारेट थॅचरबाई १९७० ते १९७४ शिक्षणमंत्री होत्या, त्यांच्या सहीनेही अशा कितीतरी शाळा सर्वसमावेशक झाल्या. आज इंग्लंडभर १६३ उरल्या आहेत, आणि नवी काढायला १९९८ च्या कायद्याने मनाई आहे. म्हणजे जागा ठरलेल्या, आणि मागणारे वाढते. जिथे या शाळा उरल्या, तिथे आसपासच्या गावांतूनही पोरांना घेऊन आईबाप येतात. दादरच्या बाजारात दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूचे होते, तसे.

मी पोचले तेव्हा घरात या परीक्षेचे दुसरे वर्ष चालू होते. शनिवारी सकाळी एक शिकवणी, बुधवारी संध्याकाळी दुसरी. बुधवारच्या बाई तासाला पस्तीस पौंड घेत. मी मनातल्या मनात रुपये करून पाहिले आणि पुन्हा कधी केले नाहीत. पोराचे पोहणे बंद केलेले होते. भिंतीवर तक्ता होता, त्यात हिरव्या, पिवळ्या आणि तांबड्या टिकल्या. तांबड्या जास्त.

“आई, तू गणित बघ,” लेक म्हणाली. “तीस वर्षं शिकवलंस, आता घरच्यासाठी शिकव.”

“बघते,” मी म्हटले. “पण पोहणं सुरू करायचं.”

जावईबापूंनी वर्तमानपत्र खाली घेतले. “आई, सप्टेंबरपर्यंतच तर थांबायचंय.”

“अहो, तो दहा वर्षांचासुद्धा नाही अजून. सप्टेंबरपर्यंत म्हणजे त्याच्या हिशेबानं जन्मठेप झाली.”

पोहणे सुरू झाले. सासूबाईंना तोंडावर नाही म्हणणे अवघड जाते, याचा मी आयुष्यात पहिल्यांदाच फायदा घेतला.

परीक्षेचा पेपर पाहिला तेव्हा मला आमच्या चौथी-सातवीच्या स्कॉलरशिपची आठवण झाली. तोच तो बुद्धिमापनाचा खाक्या. ३, ६, ११, १८, पुढे काय? (सत्तावीस, फरक पाहा म्हणजे कळेल.) शब्दांच्या पाचातून गटात न बसणारा एक काढा. कागदाची घडी घालून भोक पाडले, उलगडल्यावर कशी दिसतील? आकृती आरशात कशी दिसेल, फिरवली तर कशी? नातोबा संख्यांत पक्का, पण या आकृत्यांपुढे रडकुंडीला येई. पुस्तके तीन होती, तिन्हींत खुलासे होते, आणि तिन्ही खुलासे डोक्यावरून जाणारे. शेवटी मी मागच्या अंगणातल्या फरशीवर ठिपक्यांची रांगोळी घातली. अर्धी मी काढायची, अर्धी त्याने पुरी करायची. आठवडाभरात तो कमळ उलटे, आडवे आणि पाव वळवून काढू लागला. घड्यांसाठी जेवणाचे कागदी रुमाल. तीनशे रुमाल भोके पाडून संपवले आम्ही, आणि लेकीने एकही शब्द काढला नाही.

गुणांची भानगड मला समजायला वेळ लागला. “एकशे अकरा मिळाले की पास,” असे सगळे म्हणत. मी विचारले, कितीपैकी? कोणीच सांगेना. मग कळले, ते ‘पैकी’ नसतातच. मूळ गुणांवर संस्कार करून ते अशा मापात बसवतात की, सरासरी मूल शंभराच्या आसपास यावे. त्यात वयाचाही हिशेब असतो. तिकडे वर्गाची वयोमर्यादा पहिली सप्टेंबर ते एकतीस ऑगस्ट. आमचा नातोबा ऑगस्टमधला, म्हणजे परीक्षेच्या दिवशी त्याला दहा पुरी होऊन जेमतेम महिना, आणि शेजारच्या बाकावरचा मुलगा अकराला टेकलेला. त्या वयात वर्षाचा फरक म्हणजे केवढा! म्हणून सारख्याच मूळ गुणांना लहान मुलाला थोडे अधिक मिळतात. ही एक गोष्ट मात्र मला मनापासून न्यायाची वाटली. आपल्याकडे जूनच्या आणि मेच्या पोरांना एकाच तागडीत घालतात.

वाचकहो, अभ्यासापेक्षा अर्जाची गुंतागुंत मोठी. परीक्षेचे नाव वेगळे नोंदवायचे, शाळांकडे. ते उन्हाळ्याच्या तोंडाशीच बंद होते. शाळेसाठी अर्ज वेगळा, नगरपालिकेकडे. त्याची शेवटची तारीख एकतीस ऑक्टोबर. आणि काही सवलतीखाली जागा मागायची असेल तर शाळेचा तिसरा पुरवणी कागद. परीक्षेला बसला म्हणजे अर्ज झाला असे नाही, आणि अर्ज केला म्हणजे परीक्षेला बसता येते असेही नाही. शेजारच्या बकिंगहॅमशायर परगण्यात तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांतल्या मुलांची नावे परीक्षेसाठी आपोआप जातात. इथे ज्याला ठाऊक त्याचाच मुलगा बसणार.

हे ज्याला ठाऊक नव्हते असे एक घर आमच्या भिंतीपलीकडेच होते.

शेजारी एक पोलिश बाई राहतात. नवरा नाही. विमानतळावर रात्रपाळीला प्रवाशांची जेवणे भरण्याचे काम करतात. त्यांची मुलगी नातोबाच्याच वर्गात. दुपारी बाई झोपलेल्या असत, तेव्हा ही आमच्याकडे येई. रांगोळीत तीही बसू लागली. माझी अर्धी आकृती पुरी होण्याआधीच तिची अर्धी काढून झालेली असे. मी तीस वर्षे मुले पाहिली आहेत. असे मूल दर वर्षी भेटत नाही.

नावनोंदणी बंद व्हायला सहा दिवस राहिले होते. त्या दिवशी मी शिऱ्याची वाटी घेऊन शेजारी गेले. माझे इंग्रजी गिरगावचे, त्यांचे वॉर्साचे. पण तारीख, परीक्षा, फी नाही, या तीन गोष्टी समजावून सांगता आल्या. त्या म्हणाल्या, ते श्रीमंतांच्या मुलांसाठी असते ना? मी म्हटले, नसते. तशी झाली आहे खरी. मग मला एक नियम आठवला, तोही सांगितला. गेल्या सहा वर्षांत कधीही ज्या मुलाला गरिबीमुळे शाळेत मोफत जेवण मिळाले असेल, त्याला काही ग्रामर शाळा प्राधान्य देतात. बाईंची नोकरी मध्यंतरी वर्षभर सुटली होती. म्हणजे मुलगी त्यात बसत होती. दुसऱ्या दिवशी आमच्याच जेवणाच्या टेबलावर लेकीने त्यांचा अर्ज भरून दिला.

रात्री जावईबापू जेवताना गप्प होते. ताक वाढताना म्हणाले, “आई, एक विचारू? आपण दोन वर्षं पैसे ओततोय. जागा मोजक्या. तुम्ही आपल्या हातानं एक स्पर्धक वाढवलात. शिवाय तिला आरक्षण.”

त्यांचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. ते मुलाचे बाप आहेत. बापाने मुलाचाच हिशेब करायचा असतो. पण मी म्हटले, “अहो, तुम्हाला कोल्हापूरहून पुण्याला इंजिनियरिंगला अर्ज करायचा असतो, हे कुणी सांगितलं होतं?”

त्यांनी सांगितलेच होते मला कधीतरी. त्यांच्या शाळेतल्या एका शिपायाने. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या वेळी ताक मागितले.

ऑगस्टातली गोष्ट. संध्याकाळी नऊपर्यंत उजेड असतो तिकडे. मी मागच्या दारी पालक निवडत होते. नातोबा शेजारी येऊन बसला आणि जुडीतले दोरे सोडवू लागला. बराच वेळ. मग म्हणाला, “आजी, मी फेल झालो तर मला इंडियात पाठवणार?”

“कोण म्हणतं?”

“बाबा फोनवर म्हणत होते. मग इथे राहून उपयोग काय, असं.”

बाप मित्राशी बोलताना वैतागून काहीतरी म्हणाला असणार. मोठी माणसे असे म्हणतात आणि विसरतात. पोराने मात्र ते तीन आठवडे उशाशी घेऊन झोप काढली होती. मी त्याला समजावले की, या गावातली बरीच मुले दुसऱ्या शाळांत जातात, त्यांना कोणी विमानात बसवत नाही. त्याने ऐकले, मान हलवली, पण माझ्या शब्दाला तिथे किंमत नव्हती. तो हुकूम बाबांचा होता. म्हणून रात्री मी जावईबापूंना तो प्रश्न जसाच्या तसा सांगितला. एक अक्षर वर घातले नाही. ते उठून वर गेले. जिन्यावरचा दिवा बराच वेळ जळत होता. खाली आले तेव्हा लेकीने विचारले, काय बोललात? म्हणाले, “काही नाही. तो झोपलाय. नुसता बसलो होतो.” सकाळी मात्र त्यांनी त्याच्याशी बोलून घेतले, आणि भिंतीवरचा टिकल्यांचा तक्ता उतरला.

सप्टेंबरात परीक्षा झाली. शनिवारची सकाळ, शाळेच्या फाटकाबाहेर रांग. मुलांच्या हातांत पाण्याच्या बाटल्या, आयांच्या हातांत देवाचे अंगारे ते जपमाळा सगळे काही. दोन पेपर, मध्ये थोडी सुट्टी. उत्तरे वेगळ्या कागदावर खुणा करून द्यायची, ती यंत्र तपासते. नातोबा बाहेर आला तो म्हणाला, “रुमाल आला होता.” तेवढेच.

निकाल ऑक्टोबरच्या मध्यावर लागला. अर्जाची तारीख निघून जाण्याआधी निकाल कळवण्याची तजवीज करावी असा तिकडे नियम आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. नातोबाला ११२. पोलिश मुलीला ११८.

आमच्याकडे साखर वाटली गेली. मी मात्र लेकीला म्हटले, अजून वाटू नकोस. कारण १११ च्या वर येणे म्हणजे पात्र ठरणे, जागा मिळणे नव्हे. पात्र मुले जागांपेक्षा जास्त असतात. मग कुठे गुणांचा क्रम लावतात, कुठे घरापासून शाळेपर्यंतचे अंतर सरळ रेषेत मोजतात, जसा ज्या शाळेचा नियम.

आता अर्जावर शाळांचा क्रम लावायचा. यावर आमच्याकडे दोन रात्री जागरण झाले. जावईबापूंना कोणी मित्रमंडळींच्या निरोपांतून सांगितले होते की, शाळेला दुसरा क्रमांक दिला तर शाळा रागावते. आणखी कोणी सांगितले, नुसत्या ग्रामर शाळाच लिही, म्हणजे नगरपालिकेला त्यातली एक द्यावीच लागते. दोन्ही खोटे. तुम्ही तिला कितवी लिहिली हे शाळेला कळवतच नाहीत. प्रत्येक शाळा आपापल्या नियमाने यादी लावते, आणि जितक्या शाळांत तुमचा नंबर लागतो त्यांतली तुमच्या पसंतीत सर्वांत वरची नगरपालिका तुम्हाला देते. म्हणजे मनातली शाळा पहिली लिहिण्यात तोटा काहीच नाही. तोटा आहे तो खालच्या ओळी मोकळ्या सोडण्यात. एकही मिळाली नाही तर जिथे जागा उरली असेल तिथे पोराला घालतात, मग ती गावाच्या दुसऱ्या टोकाला का असेना. मी घराजवळची, चालत बारा मिनिटांवरची साधी शाळा चौथ्या ओळीत लिहायला लावली. त्याआधी नातोबाला घेऊन ती पाहूनही आले. प्रयोगशाळा बरी होती. मैदान चांगले होते. तिथल्या गणिताच्या बाईंशी पाच मिनिटे बोलले आणि मला त्या आवडल्या.

अर्ज गेला, आणि दोन दिवसांनी मी मुंबईच्या विमानात बसले.

पहिली मार्च हा तिकडे सगळ्या देशाचा माध्यमिक शाळा कळण्याचा दिवस. आमच्याकडे दुपार होती, लेकीचा फोन आला. पोलिश मुलीला तिची पहिली पसंती. नातोबाला चौथी ओळ. “आई, एक विचारते, रागावू नकोस,” ती म्हणाली. “तू शेजारी गेली नसतीस तर?”

मी तिला गणिताने उत्तर दिले. नातोबाचा प्रतीक्षायादीतला क्रमांक त्या दिवशी एकोणतिसावा होता. एक मुलगी वगळली तर तो अठ्ठाविसावा झाला असता. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “हे ह्यांना तू सांग.” सांगितले. जावईबापू म्हणाले, “ते मी त्याच रात्री मोजलं होतं, आई.”

सप्टेंबरपासून दोघांच्या शाळा वेगळ्या झाल्या. ती बसने जाते, हा चालत. दुपारी ती अजून आमच्याकडे येते, आता लॅटिन नव्हे पण फ्रेंचचे घोकत बसते. बाईंची रात्रपाळी सुटलेली नाही. दिवाळीला त्यांच्यासाठी करंज्या करायच्या आहेत असे लेक म्हणत होती, सारणाचे प्रमाण मी कळवले आहे.

प्रतीक्षायादी हलत असते, कोणी गाव सोडते, कोणी फीच्या शाळेत जाते. डिसेंबरअखेरपर्यंत ती ठेवावीच लागते. एकोणतिसावरून नातोबा जूनमध्ये चौदावर आला, आता चौथा आहे. जावईबापू दर सोमवारी सकाळी शाळेला फोन करतात. जागा निघालीच तर घ्यायची की नाही, यावर नवराबायकोंचे एकमत नाही, आणि या वेळी त्यांनी मला विचारलेले नाही. नातोबाला मी मागच्या रविवारी विचारले. तो म्हणाला, आजी, शनिवारी आमची फुटबॉलची मॅच आहे, मी डाव्या बाजूला खेळतो, नंतर बोलू.